व्यापाऱ्यांनी मागे ठेवलेली इटली

इटलीस जाणाऱ्या भारतीय प्रवाशांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. रोममध्ये कोलोसिअम, पिसाच्या झुकत्या मनोऱ्याला तळहाताने टेकू दिल्याचे छायाचित्र, व्हेनिसमध्ये गोंडोलातला अर्धा तास, आणि मग बस आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंडकडे निघते. चार-पाच दिवसांत एक प्राचीन देश ‘पाहून’ होतो. वस्तुतः युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ज्या देशाची सर्वाधिक स्थळे आहेत, तो हाच देश. १९७९ साली व्हाल कामोनिका या खोऱ्यातील आदिमानवाच्या कातळचित्रांपासून ही नोंद सुरू झाली आणि आज ती साठाच्या पुढे गेली आहे. त्यांपैकी सहा स्थळे केवळ निसर्गासाठी निवडलेली आहेत. एटना आणि एओलियन बेटांचे ज्वालामुखी, डोलोमाइट पर्वत, पुरातन बीच वृक्षांची अरण्ये अशी त्यांची विविधता आहे.

साठ स्थळे एका प्रवासात पाहणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. त्यातून एखादा मार्ग निवडावा लागतो. व्यापारी कुटुंबाने निवडावा असा एक मार्ग उत्तरेच्या डोलोमाइट पर्वतापासून निघतो, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि प्रातो ही नगरे घेतो आणि सिएनाच्या दक्षिणेकडील टेकड्यांत संपतो. रोमचे वैभव सम्राटांनी आणि धर्मगुरूंनी उभारले. या मार्गावरील वैभव मात्र मुख्यतः लोकर, रेशीम, मिरी, मीठ आणि व्याज यांच्या उलाढालीतून आले आहे. ज्या पेढ्यांनी ते उभारले त्या बुडाल्या, ज्या घराण्यांनी त्यावर आपली नावे कोरली त्यांतील अनेक निर्वंश झाली. तरीही त्यातले काही शिल्लक राहिले आहे. ते का राहिले, या प्रश्नाचे उत्तर शोधीत हा प्रवास केला, तर तो केवळ स्थळदर्शनाचा राहत नाही.

पर्वत, अरण्य आणि त्यांचे राखणदार

डोलोमाइट पर्वत इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात आहेत. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी येथे उष्ण उथळ समुद्र होता आणि त्यात प्रवाळांची व इतर सागरी जीवांची प्रचंड बेटे वाढत होती. पुढे आल्प्स उंचावले, तेव्हा समुद्राचा तो तळ आकाशाला भिडला. आज तीन हजार मीटरहून उंच अशी अठरा शिखरे या क्षेत्रात आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस दोलोम्य या फ्रेंच भूवैज्ञानिकाने येथील वेगळ्या प्रकारच्या खडकाचा अभ्यास केला आणि त्याच्या नावावरून प्रथम खडकाला व नंतर पर्वताला नाव मिळाले. सूर्यास्ताच्या वेळी हे फिकट कडे गुलाबी, मग तांबूस, मग जांभळे होत जातात. स्थानिक लादिन भाषेत या प्रकाशाला ‘एनरोसादिरा’ असा स्वतंत्र शब्द आहे. २००९ साली या पर्वताच्या नऊ गटांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

प्रवासी वर शिखरांकडे पाहतो, पण या प्रदेशाची खरी शिकवण खालच्या अरण्यात आहे. फिएम्मे या खोऱ्यातील गावांनी ११११ साली आपल्या सामाईक हक्कांचा करार करून घेतला. ‘माग्निफिका कोमुनिता’ या नावाची ती ग्रामसंस्था आजही अस्तित्वात असून तेथील जंगल तिच्या सामाईक मालकीचे आहे. कोणते झाड तोडावे, कोणते राखावे, हे नऊशे वर्षे एका चालू व्यवस्थेने ठरविले आहे. पूर्वेकडील कान्सिल्यो पठारावरील बीचचे अरण्य तर व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने आपल्या जहाजांच्या वल्ह्यांसाठी राखीव ठेवले होते आणि तेथे परस्पर कुऱ्हाड चालविणाऱ्यास कठोर शिक्षा होत असे. ज्याचे नफ्याचे सारे गणित जहाजांवर अवलंबून आहे, त्याने झाडाची काळजी भांडवलासारखी घ्यावी, यात नवल नाही.

या भांडवलावरही आता संकट आहे. २०१८ च्या ऑक्टोबर अखेरीस ‘वाया’ नावाच्या वादळाने या खोऱ्यांतील लक्षावधी झाडे एका रात्रीत आडवी केली. ३ जुलै २०२२ रोजी मार्मोलादा या सर्वोच्च शिखरावरील हिमनदीचा मोठा भाग तुटून कोसळला आणि अकरा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. ज्या पर्वताने कोट्यवधी वर्षे पाहिली, त्याचा बर्फ माणसाच्या एका पिढीच्या डोळ्यांदेखत आटत आहे.

पाण्यावरची बाजारपेठ

डोलोमाइटमधील कादोरे भागाचे लाकूड पियावे नदीतून तराफ्यांनी खाली व्हेनिसला येई. ओक, लार्च, आल्डर अशा वृक्षांचे ओंडके खारकच्छाच्या चिखलात ठोकून त्यांवर हे नगर उभे राहिले. हवा न लागणाऱ्या गाळात लाकूड सहजी कुजत नाही, म्हणून शतकांमागून शतके ते वरच्या दगडी प्रासादांचा भार वाहत आहे. १९८७ साली जागतिक वारशात नोंद झाली ती ‘व्हेनिस आणि त्याचे खारकच्छ’ अशी, म्हणजे नगर आणि पाणी यांची एकत्र. ही नोंद अत्यंत अर्थपूर्ण आहे. नद्यांच्या गाळाने खारकच्छ भरून जाईल व बंदर मरेल, हे ओळखून व्हेनिसने १५०१ साली पाण्यावर देखरेख करणारे कायमचे खाते नेमले आणि पुढील पिढ्यांनी ब्रेंता, सिले, पियावे या नद्यांची मुखेच दूर वळविली. आज जे ‘नैसर्गिक’ खारकच्छ म्हणून डोळ्यांना सुखविते, ते प्रत्यक्षात शतकानुशतकांच्या देखभालीचे फळ आहे.

व्हेनिसमध्ये सेंट मार्कचा चौक सर्वच पाहतात. तेथील बॅसिलिकेचे चार कांस्य अश्व १२०४ साली कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीतून आणलेले आहेत. १७९७ साली नेपोलियनने प्रजासत्ताक बुडविले, तेव्हा ते पॅरिसला गेले आणि १८१५ साली परत आले. लुटून आणलेली वस्तू पुन्हा लुटली जाते, असा हा हिशेब. मूळ अश्व आता आत सुरक्षित आहेत, दर्शनी भागावर त्यांच्या प्रतिकृती आहेत.

व्यापारी प्रवाशाने मात्र रिआल्तोच्या पुलापाशी अधिक वेळ थांबावे. १५८८ ते १५९१ या काळात बांधलेल्या या दगडी पुलाच्या पायथ्याशी सान जाकोमो नावाचे लहानसे चर्च आहे. तेथेच पूर्वी सराफांच्या व पेढीवाल्यांच्या बाकांची रांग असे. इटालियन भाषेत अशा बाकाला ‘बांको’ म्हणत. जगभर रूढ झालेला ‘बँक’ हा शब्द त्यातूनच आला. दिवाळे निघाल्यास ‘बांकारोत्ता’ म्हणजे मोडलेला बाक असा शब्द वापरीत आणि इंग्रजीतील दिवाळखोरीचा शब्द त्याचाच वंशज आहे. या चर्चच्या बाहेरील भिंतीवर एक जुना लॅटिन लेख कोरलेला आहे. या मंदिराभोवती व्यापाऱ्यांचा न्याय सरळ असो, वजने खोटी नसोत आणि करारात कपट नसो, असा त्याचा आशय आहे. बाजारपेठेच्या मधोमध, सर्वांच्या नजरेसमोर, तराजूची नीती दगडात लिहून ठेवणारे नगर आपला व्यापार कशावर उभा आहे हे जाणून होते.

ही नीती व्हेनिसच्या नाण्यातही दिसते. १२८४ साली त्याने सोन्याचा ‘दुकात’ पाडण्यास आरंभ केला. सुमारे साडेतीन ग्रॅम वजन आणि जवळजवळ शुद्ध सोने, हे प्रमाण प्रजासत्ताकाच्या अंतापर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, व्यवहारतः बदलले नाही. टांकसाळीला तेथे ‘झेक्का’ म्हणत. तो शब्द अरबी ‘सिक्का’ यावरून आला आणि त्याच अरबी शब्दाचे रूप मराठीत ‘शिक्का’ म्हणून नांदते आहे. नाण्याच्या एका बाजूस संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला नगराचा प्रमुख, अशा आकृती असत. मिरी-मसाल्याची किंमत म्हणून हे नाणे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात येई. त्यावरील मानवी आकृतींमुळे मराठी मुलखात त्याला ‘पुतळी’ हे नाव पडले आणि पुतळ्यांची माळ हा मराठी घरांतील मानाचा दागिना झाला. आजीच्या पेटीतील पुतळीहाराचा आद्य साचा सात समुद्रांपलीकडील त्या टांकसाळीत आहे.

आजचे व्हेनिस मात्र वेगळ्या अडचणीत आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीचे पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ते १८७ पर्यंत गेले. खारकच्छाच्या तीन मुखांवर बसविलेल्या अठ्ठ्याहत्तर उचलत्या दारांनी ३ ऑक्टोबर २०२० रोजी पहिल्यांदा भरती अडविली. हे काम पूर्ण होण्यास विलंब फार झाला, खर्च अब्जावधी युरोंवर गेला आणि मध्यंतरी भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत अटकाही झाल्या. पाणी आता पुष्कळ अंशी थोपविता येते, माणसे मात्र थोपविता आलेली नाहीत. १९५१ साली जुन्या नगरात पावणेदोन लाखांच्या आसपास रहिवासी होते, आज ते पन्नास हजारांच्याही खाली आहेत. घरे पर्यटकांना भाड्याने दिली जातात, किराणा दुकानांच्या जागी मुखवटे विकले जातात. २०२१ पासून प्रचंड क्रूझ जहाजांना सेंट मार्कसमोरून जाण्यास बंदी झाली आणि २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले. ज्या गावात ग्राहक उदंड आहेत आणि शेजारी नाहीत, ते गाव किती काळ गाव राहते, हा व्हेनिसपुढील खरा प्रश्न आहे.

अंक आणि वही

व्हेनिसहून फ्लॉरेन्सकडे आगगाडीने दोन-सव्वादोन तास लागतात. या दोन नगरांच्या दरम्यान एक अदृश्य वारसा पसरलेला आहे, तो हिशेबाचा. पिसाच्या लेओनार्दोने, ज्याला जग फिबोनाची म्हणून ओळखते, १२०२ साली आपल्या ग्रंथात ‘भारतीयांचे नऊ अंक’ आणि शून्य यांची रीत युरोपातील व्यापाऱ्यांपुढे मांडली. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतील बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचे काम पाहत आणि तेथेच हे अंक त्याने शिकले. युरोपने ते लगेच स्वीकारले असे नाही. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफसंघाने आपल्या वह्यांत हे अंक वापरण्यास मनाई केली होती. पिसाला जाणाऱ्याने झुकत्या मनोऱ्याचे छायाचित्र अवश्य घ्यावे, परंतु त्याच आवारातील कांपोसांतो या प्राचीन दफनगृहात फिबोनाचीचा संगमरवरी पुतळा आहे, त्यालाही क्षणभर वंदन करावे. भारताचे ऋण मान्य करणारा तो पश्चिमेतील एक प्रामाणिक साक्षीदार आहे.

पुढे १४९४ साली लुका पाचोली या भिक्षू गणितज्ञाने व्हेनिसमध्ये आपला मोठा गणितग्रंथ छापला. त्याच्या एका भागात व्हेनिसच्या पद्धतीची द्विनोंदी हिशेबपद्धती प्रथमच छापील रूपात सविस्तर मांडली आहे. ही पद्धती पाचोलीने शोधलेली नव्हे. जेनोआच्या नगरपालिकेच्या १३४० सालच्या वह्यांत ती दिसते. पाचोलीने ती शिकविण्याजोगी केली. त्याने तीन वह्या सांगितल्या आहेत: व्यवहार घडताच टिपून ठेवण्याची कच्ची वही, त्यावरून क्रमवार लिहायची रोजकीर्द, आणि तिच्यातून खाती उचलायची खतावणी. आपल्याकडील दुकानात ज्याने बालपणी वडिलांच्या शेजारी गादीवर बसून वही पाहिली आहे, त्याला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. वहीचा आरंभ देवाच्या नावाने करावा, असेही पाचोली सांगतो.

फ्लॉरेन्स: पेढी बुडाली, चित्रे राहिली

फ्लॉरेन्सने १२५२ साली आपला सोन्याचा ‘फ्लोरिन’ पाडला आणि पुढील शतकभर युरोपची सावकारी केली. बार्दी आणि पेरुत्झी या त्या काळच्या सर्वांत मोठ्या पेढ्या. त्यांनी इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाला युद्धासाठी भरमसाट कर्ज दिले. राजाने ते फेडले नाही आणि १३४० च्या दशकात दोन्ही पेढ्या कोसळल्या. मेदिची घराण्याची पेढी १३९७ साली निघाली, युरोपभर तिच्या शाखा झाल्या, आणि शंभर वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, १४९४ मध्ये, तीही संपली. लंडन आणि ब्रूज येथील शाखांनी पुन्हा राजेरजवाड्यांनाच कर्जे दिली होती. मोठ्या नावाला दिलेले तारणाविना कर्ज हे सुरक्षित नसते, हा धडा फ्लॉरेन्सने दोनदा शिकला व दोनदा विसरला.

तरीही नगर उभे आहे. १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्कीने महामंदिरावर जो विटांचा विशाल घुमट चढविला, त्याची जबाबदारी लोकर-व्यापाऱ्यांच्या संघाने उचलली होती. या मंदिराच्या बांधकामासाठी १२९६ साली स्थापन झालेली ‘ओपेरा’ ही संस्था आजही त्याची निगा राखते. घुमट पाहताना मान वर करावी लागते, आणि त्याच वेळी हे ध्यानात ठेवावे की दुरुस्तीची व्यवस्था बांधकामाइतकीच जुनी आहे.

उफ्फिझी हे आज जगातील अग्रगण्य चित्रसंग्रहालयांपैकी एक आहे. ‘उफ्फिझी’ म्हणजे कचेऱ्या. १५६० साली कोसिमो मेदिचीच्या सरकारी खात्यांसाठी वासारीने ही इमारत आखली. बोत्तिचेल्ली, लेओनार्दो, मायकेलअँजेलो, राफाएल यांच्या कलाकृती येथे एका छताखाली आहेत. त्या येथेच का राहिल्या, याची कथा प्रत्येक कुटुंबाने ऐकावी अशी आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मेदिची घराण्याचा वंश खुंटला. अखेरचा ड्यूक १७३७ साली निपुत्रिक वारला. मागे राहिली त्याची बहीण, आन्ना मारिया लुइझा, विधवा आणि अपत्यहीन. सत्ता युरोपातील महासत्तांच्या परस्पर व्यवहारात एका परक्या घराण्याकडे गेली होती. रीतीप्रमाणे नव्या राजाने चित्रे, मूर्ती, रत्ने, ग्रंथ गोळा करून आपल्या राजधानीस नेले असते. आन्ना मारियाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नव्या शासकाशी करार केला. घराण्याचा सारा संग्रह तिने राज्याच्या स्वाधीन केला. अट एकच ठेवली: राज्याची शोभा, जनतेचा उपयोग आणि परदेशीयांचे कुतूहल यांसाठी असलेली यांतील कोणतीही वस्तू नगराबाहेर नेली जाऊ नये. १७४३ साली ती निवर्तली. पेढीच्या ताळेबंदातील एक पैही उरली नाही, साडेतीन शतकांच्या राजकारणाचे काही उरले नाही. उरला तो एका वृद्ध स्त्रीचा दस्तऐवज. आज उफ्फिझीसमोर जी रांग लागते, ती त्या अटीमुळे.

अर्धे नाणे

घुमटापासून थोड्याच अंतरावर ओस्पेदाले देल्यी इनोचेंती, म्हणजे निरागसांचे रुग्णालय, आहे. टाकून दिलेल्या अर्भकांसाठी १४१९ साली रेशीम-व्यापाऱ्यांच्या संघाने ब्रुनेलेस्कीकडून ही वास्तू आखून घेतली. तिची प्रेरणा होती ती प्रातो येथील फ्रांचेस्को दातिनी या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेली एक हजार फ्लोरिनची रक्कम. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी येथे पहिले मूल स्वीकारले गेले. कमानींवर निळ्या पार्श्वभूमीवर दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांची पांढरी शिल्पे आहेत.

येथील संग्रहालयात लहान लहान खणांची एक भिंत आहे. खण उघडला की आत एखादे अर्धे कापलेले नाणे, अर्धे पदक, मण्यांचा तुकडा दिसतो. मूल सोडताना आईने त्याच्या अंगावर हे अर्धे चिन्ह बांधले आणि दुसरे अर्धे स्वतःजवळ ठेवले. कधी दिवस पालटले तर दोन तुकडे जुळवून आपले लेकरू ओळखता यावे, एवढीच आशा. बहुसंख्य खणांतील तुकडे तसेच एकाकी आहेत. उफ्फिझीतील कोणत्याही चित्रापुढे प्रवासी जेवढा थबकत नाही, तेवढा तो या खणांपुढे थबकतो. आणि ही केवळ जुनी वास्तू नव्हे. संस्था आजही मुलांसाठी कार्य करीत आहे आणि युनिसेफचे संशोधन केंद्रही येथेच आले आहे. साडेपाचशेहून अधिक वर्षे एका देणगीचे व्याज चालूच आहे.

हा दातिनी कोण, हे पाहण्यास फ्लॉरेन्सहून अर्ध्या तासाच्या गाडीने प्रातोला जावे. तेथे पर्यटक कमी, म्हणून शांतता अधिक. दातिनी अनाथ मुलगा, आव्हिन्यों येथे व्यापार करून श्रीमंत झाला आणि प्रातोला परतला. त्याच्या वह्यांच्या मथळ्यावर देवाचे आणि नफ्याचे नाव शेजारी शेजारी असे. आपल्याकडील वहीवरच्या ‘शुभ’ आणि ‘लाभ’ यांची आठवण व्हावी, असाच तो मथळा. १४१० साली तो वारला, तेव्हा त्याला औरस अपत्य नव्हते. आपले घर आणि जवळजवळ सारी संपत्ती त्याने प्रातोच्या गरिबांसाठी निधी स्थापून दिली आणि आपली पत्रे व वह्याही जपून ठेवण्यास सांगितले. १८७० साली ती रद्दी समजली गेलेली दप्तरे त्याच्या घरात पुन्हा हाती लागली. सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबवह्या. मालाचे भाव, हुंड्या, गुमास्त्यांना दिलेल्या कानपिचक्या आणि पत्नीशी झालेले वादविवाद, सारे त्यात आहे. राजांची चरित्रे पुष्कळ आहेत. एका मध्ययुगीन व्यापाऱ्याचे जीवन इतक्या तपशिलाने ज्ञात असण्याचे उदाहरण अत्यंत दुर्मीळ. त्याने वही फेकली नाही, एवढ्याच कारणाने.

सिएना: सुराज्य आणि भूमी

मार्गाचा अखेरचा टप्पा सिएना. १९९५ पासून हे नगर वारसा यादीत आहे. येथे १४७२ साली स्थापन झालेली मोंते देई पास्की ही जगातील सर्वांत जुनी चालू बँक मानली जाते. गरिबांना माफक दराने कर्ज मिळावे हा तिचा आरंभीचा हेतू, आणि ‘पास्की’ म्हणजे कुरणे. सतराव्या शतकात मारेम्माच्या चराऊ कुरणांचे उत्पन्न ठेवींना हमी म्हणून दिले गेले, त्यावरून हे नाव. एवढ्या जुन्या पेढीलाही २०१७ साली सरकारी भांडवलाने सावरावे लागले. वय ही पतीची हमी नसते.

सिएनाच्या सरकारी दप्तरखान्यात नगराच्या खजिन्याच्या हिशेबवह्यांची लाकडी वेष्टने जपलेली आहेत. सर्वांत जुने १२५८ चे. प्रत्येक मुदतीच्या वहीचे वेष्टन चित्रकाराकडून रंगवून घेण्याची तेथे प्रथा होती. हिशेबाला इतका सन्मान देणारे नगर दुसरे सापडणे कठीण.

नगरभवनातील एका दालनात आंब्रोज्यो लोरेंझेत्तीने १३३८-३९ साली सुराज्य व कुराज्य यांची भित्तिचित्रे काढली. हे दालन नऊ शासकांच्या बैठकीचे. निर्णय घेताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकीकडे उघडी दुकाने, घरे बांधणारे कारागीर, माल लादलेली खेचरे आणि पिकांनी डवरलेली शेते असत. दुसरीकडे ओस रस्ते, जळकी शेते आणि ज्यात फक्त शस्त्रकाराचेच काम चालू आहे असे नगर. दहाच वर्षांत, १३४८ च्या महामारीत, सिएनाची मोठी लोकसंख्या नाहीशी झाली. जगातील एक अतिभव्य मंदिर करावे म्हणून आरंभलेला महामंदिराचा विस्तार तसाच राहिला. त्याची रिकामी भिंत आजही उभी आहे.

परंतु चित्रातील शेते पुढे प्रत्यक्षात उतरली. नगराच्या दक्षिणेस ओर्चा नदीचे खोरे आहे. मातीच्या नागड्या टेकड्या, उतारांवर गहू, ऑलिव्हच्या बागा, शिखरावर एखादे घर आणि त्याच्याकडे जाणारी सायप्रस वृक्षांची रांग. हे दृश्य निसर्गाने आपोआप घडविलेले नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकांत सिएनाने सुराज्याच्या आदर्शाप्रमाणे ही भूमी वसविली आणि २००४ साली जागतिक वारशात नोंद झाली ती याच कारणासाठी. व्यापाऱ्यांच्या नगराने शेतीला दिलेले हे रूप सात शतकांनंतरही शेतकरीच टिकवून आहेत.

प्रवाशासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम, डोलोमाइटसाठी मात्र जून ते सप्टेंबर बरे. उफ्फिझीचे तिकीट आधी काढावे, सोमवारी ते बंद असते. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकणारी वस्त्रे असावीत. व्हेनिसमध्ये निदान एक-दोन रात्री राहावे. सायंकाळी दिवसाची गर्दी ओसरल्यावरच ते नगर बोलू लागते, आणि मुक्कामी प्रवाशाकडून तेथील रहिवाशांनाही काही मिळते.

शाकाहाराबाबत सावधपणा हवा, चिंता नको. सुक्या पास्त्यात बहुधा केवळ गहू व पाणी असते, ताज्या पास्त्यात मात्र पुष्कळदा अंडे असते. पार्मेझान चीज करताना वासराच्या जठरातील रेनेट वापरणे नियमानेच आवश्यक आहे, म्हणून ते वर्ज्य मानणाऱ्यांनी तसे आधीच सांगावे. ‘पान्ना कोत्ता’ या गोड पदार्थात जिलेटिन असते. ‘सेंझा चिपोल्ला, सेंझा आल्यो’ म्हणजे कांदा नको, लसूण नको. हे दोन शब्दप्रयोग पाठ करून ठेवावेत. ताज्या टोमॅटोचा साधा पास्ता, ऑलिव्ह तेल व तुळस घातलेले पदार्थ, बाजारातील फळे यांवर प्रवास सुखाने होतो.

आणि एखाद्या संध्याकाळी मुलांना किंवा नातवंडांना सोबत घेऊन त्या लहान खणांच्या भिंतीची, आन्ना मारियाच्या अटीची आणि दातिनीच्या दप्तराची गोष्ट सांगावी. घराण्याने किती मिळविले याची नोंद त्या त्या काळच्या वहीत राहते आणि वहीबरोबर मिटते. त्यातले काय, कोणाच्या हाती आणि कोणत्या अटीवर सोपविले, हे मात्र पुढची माणसे सहाशे वर्षांनंतरही दूर देशांतून पाहावयास येतात.